तेहतीस अंश

आबासाहेबांचं बंद पडलेलं हृदय पुन्हा सुरू झालं होतं, पण ते शुद्धीवर येत नव्हते. डॉक्टर राजेश्रींनी ठरवलं, अंग चोवीस तास तेहतीस अंश सेल्सिअसवर थंड ठेवायचं. सात मिनिटं मेंदूला रक्त मिळालं नव्हतं. थंडीमुळे पुढचं नुकसान कदाचित टळेल. हे ‘कदाचित’ त्यांनी आबासाहेबांच्या मुलाला, हरिओमला, दोनदा सांगितलं. परभणीत याच उपचारावर त्या तीन वर्षं संशोधन करत होत्या आणि खात्री त्यांनाही नव्हती.

थंड करायचं यंत्र सिस्टर माधवीच्या ताब्यात असायचं. तिने फाईलवरचं नाव वाचलं, गाव वाचलं. चारठाणा. मग ती हात धुवायला गेली आणि बराच वेळ धूतच राहिली.

सहा वर्षांपूर्वी चारठाण्याच्या फाट्यावर आबासाहेबांच्या जीपने तिच्या भावाला, सुगतला, उडवलं होतं. तेव्हा तिचं घर चारठाण्यातच होतं; तो परीक्षेला निघाला होता. जीप पुढे बाभळीवर आदळली. आबासाहेबांच्या कपाळाला चार टाके पडले. त्यांना लोकांनी लगेच दवाखान्यात नेलं. सुगत तासभर रस्त्यावर पडून होता आणि तिथेच गेला. केस झाली, पण पुढे सरकली नाही. प्रत्येक तारखेला तिचे वडील, पंडित मास्तर, कोर्टात जायचे आणि पुढची तारीख घेऊन एसटीने चुडाव्याला, नव्या घरी, परत यायचे.

तिचा चेहरा पाहून डॉक्टरांनी विचारलं, दुसऱ्या वॉर्डात ड्यूटी हवी का. तिने याच पेशंटवर ठेवा म्हणून सांगितलं. दोन पाळ्या करायचीही तयारी दाखवली.

दुपारी वडिलांचा फोन आला. पेशंट कोण आहे ते त्यांना कुठून तरी कळलं होतं.

"तू काय करायलीस तिथं?"

"वाचवायलेय त्याला."

"सुगतला विसरलीस का?"

"न्हाई, बाबा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी अंग पुन्हा गरम करायचं होतं. तासाला पाव अंश, त्याहून जास्त नाही. घाई केली तर मेंदूला सूज येते. नव्या सिस्टरांना हे तीच शिकवायची. काही बिघडलं असतं तरी आजारच मोठा होता असं सगळे म्हणाले असते. काचेपलीकडे हरिओम हात जोडून उभा होता. तिचं बोट बटणावर होतं. तिला सुगतची चप्पल आठवली, रस्त्याच्या पार दुसऱ्या कडेला जाऊन पडलेली. तिने पाव अंश वाढवला. तासाभराने आणखी पाव.

चौथ्या दिवशी घशातली नळी निघाली. सहाव्या दिवशी डॉक्टर संशोधनाचा फॉर्म घेऊन बसल्या. आबासाहेबांनी साल सांगितलं, नातवंडांची नावं सांगितली, मळ्यातल्या विहिरीची खोलीसुद्धा सांगितली. हरिओमचे डोळे भरून आले. माधवीने तोंडावरचा मास्क खाली ओढला.

"मला ओळखलं का?"

त्यांनी तिचा चेहरा निरखून पाहिला.

"पंडित मास्तरची पोरगी. त्या सुगतची बहीण."

"सुगतचं काय झालं?"

"फाट्यावर... माझ्या जीपखाली." त्यांचा हात उशाशी घंटी चाचपडायला लागला.

हरिओम घाईने पुढे आला. बाबा दमलेत, आता पुरे, असं डॉक्टरांना सांगायला लागला. माधवीने फॉर्म डॉक्टरांपुढे सरकवला. तिचा आवाज अगदी शांत होता.

"स्मरणशक्ती पूर्ण शाबूत, असं लिहा मॅडम. कोर्टात सहा वर्षांपासून यांचा एकच कागद फिरायलाय. त्या अपघातात डोक्याला मार लागला, तवापासून काहीच आठवत न्हाई म्हणून."