प्रायव्हेट लिमिटेड

दवाखान्यातून पुन्हा तेच उत्तर आले. मेल पोहोचला आहे, परंतु त्यात पत्र दिसत नाही, कुलूप दिसते, आणि पासवर्डनेही ते उघडत नाही.

नंदकिशोरने डोळे चोळले. चाकणच्या त्या कारखान्यातील सर्व संगणकांचा भार त्याच्या एकट्यावर होता. सुट्या भागांची ड्रॉइंग्ज उघड्या मेलने येता कामा नयेत, असा गिऱ्हाईक कंपनीचा आग्रह. म्हणून बाहेर जाणाऱ्या मेलच्या वाटेवर त्याने कालच एक पहारा बसवला होता. ठरावीक शब्द आढळला की मेल आपोआप कुलूपबंद व्हावा आणि ज्याला धाडला त्याने पासवर्ड घेऊन तो उघडावा, अशी ती योजना. आज मात्र सरसकट प्रत्येक मेलला कुलूप पडत होते. का, ते त्याला सकाळपासून उमगत नव्हते.

टेबलापुढे प्रेस शॉपचा रंगराव टोपी हातात घेऊन उभा होता. त्याची पत्नी पिंपरीच्या दवाखान्यात होती, आणि कंपनीचे विम्याचे पत्र मिळाल्याखेरीज तिथले लोक तिला ऑपरेशनसाठी आत घेणार नव्हते. पत्र माणसाहाती धाडावे, तर रस्ता भोसरीपर्यंत तुंबलेला.

"उपाशी बसवून ठेवलीया तिला," रंगराव म्हणाला. "कायतरी करा, साहेब."

नंदकिशोरला शीण आला होता. "मॅडम, तोवर फोनवर वाचून दाखवा ना," तो कार्मिक विभागाच्या करिष्माला म्हणाला. "ते लिहून घेतील."

काचेपलीकडे पत्रा दाबणारे अवजड प्रेस धडधडत होते. करिष्मा मोठ्याने वाचू लागली. पलीकडच्यास ऐकू जाईना, तशी ओरडून वाचू लागली. नंदकिशोर एकेक अडकलेला मेल उघडून पाहत राहिला. प्रत्येकाच्या तळाशी कंपनीचे नाव होते, आणि नावापुढे 'प्रायव्हेट लिमिटेड'. त्याने आपली शब्दांची यादी उघडली. पहिलाच शब्द 'प्रायव्हेट' होता.

त्याच क्षणी चहाची सुट्टी झाली आणि प्रेस थांबले. करिष्माचा आवाज मात्र चढलेलाच राहिला.

"गर्भपिशवी. हो, पिशवीच काढायची आहे. गाठ कॅन्सरची आहे का, ते तपासायला पाठवायचंय."

उघड्या दाराबाहेर लागलेल्या चहाच्या रांगेतील माणसे निश्चल झाली. बायको माहेरी गेली आहे, एवढेच रंगरावाने त्यांना सांगितले होते. त्यावरून सकाळी 'भाऊ मोकाट सुटले' अशी थट्टा करणारा सनी आता पेल्यातील चहा निरखीत होता.

"आत घेतायत त्यांना," फोन ठेवीत करिष्मा म्हणाली.

नंदकिशोरने यादीतून तो शब्द काढला आणि पत्र पुन्हा धाडले. "चूक सापडली, रंगराव. आता तुमचं पत्र बिनकुलपाचं गेलं."

"व्हय," रंगराव म्हणाला. "आता कुणाचं वाचायचं ऱ्हायलंय, साहेब?"

त्याने टोपी डोक्यावर घातली आणि तो दवाखान्याकडे निघाला. गेटकडे जायची वाट चहाच्या रांगेतूनच होती.