उरलेल्या जागांची यादी

सूर्याजीच्या पत्राला लक्ष्मीकांतरावांनी उत्तर दिलं नव्हतं, आणि त्याला आता दोन वर्षं होऊन गेली होती.

पत्र बडोद्याहून आलं होतं. शाळेपासूनचा मित्र, त्यामुळे मायना वगैरे काही नव्हता. ‘लक्ष्या, डोळ्यांचं काही खरं नाही. डॉक्टर म्हणतात, फार तर वर्षभर दिसेल. तेवढ्यात एकदा ग्वाल्हेर बघून घेतो. आपल्या बसण्या-उठण्याच्या जागांपैकी कुठल्या उरल्यात, तेवढं लिहून कळव. तू लिहिशील ते पक्कं असतं.’ आणि अगदी खाली, बारीक अक्षरात : ‘वहिनी गेल्या तेव्हा मी आलो नाही. ते मनात असेल तर उत्तर देऊ नकोस. मी काय ते समजेन.’

त्या शेवटच्या ओळींवरून लक्ष्मीकांतरावांची नजर नुसती घसरून गेली. त्यांच्या मनात तसलं काही नव्हतंच. ते अडले यादीपाशी. सारी नोकरी वाचनालयात पुस्तकांच्या नोंदी करण्यात गेलेली. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय अक्षर लिहायचं नाही, ही सवय. दुसऱ्याच दिवशी वही घेऊन ते ग्वाल्हेरच्या माधवगंजातल्या आपल्या घरातून निघाले.

आणि तिथूनच घोळ सुरू झाला. ज्या हॉलमध्ये दोघं एकच वर्तमानपत्र अर्धं अर्धं वाटून वाचायचे, तिथे आता कोचिंग क्लास होता. जिना मात्र तोच. मग ही जागा उरली म्हणायची की गेली? कंपू भागातल्या चढावर एक दगडी कठडा होता. तिथे बसून संध्याकाळी किल्ला बघायचा. कठडा जागेवर होता, पण समोरच्या घराने मजला चढवला होता आणि किल्ल्याचं फक्त टोक दिसत होतं, तेही टाचा उंचावल्या तर. उसाच्या रसाचं गुऱ्हाळ रस्त्याच्या या बाजूचं त्या बाजूला गेलं होतं. लक्ष्मीकांतराव लिहायचे, खोडायचे, पुन्हा जाऊन बघायचे. यादी स्वच्छ अक्षरात उतरवून होईपर्यंत जुनी टॉकीज पाडायला घेतली. पुन्हा पहिल्यापासून.

“बाबा, फोन करून टाका ना,” सून यशश्री म्हणायची. “पाच मिनिटांचं काम आहे. नंबर दिलाय त्यांनी.”

“फोनवर चूक झाली तर खोडता येत नाही,” ते म्हणायचे.

“तुम्ही पण ना, बाबा! गजब करता.”

आज सकाळी ते आठव्या यादीसाठी नई सडकेवर आले होते. दौलतसिंहाचं बेडईचं, डाळ भरलेल्या पुऱ्यांचं, दुकान ही एकच जागा अशी, जिच्याबद्दल शंका नव्हती. बाप गेला, मुलगा बसला, कढई तीच.

“या, इन्स्पेक्टरसाहेब!” दौलतसिंह कढईमागून ओरडला. “लिहून घ्या, दुकान चालू आहे. मालक पण जिवंत आहे.”

बाकावरची माणसं हसली. लक्ष्मीकांतराव ओशाळले. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी खुलासा केला, “तसं नव्हे हो. बडोद्याच्या एका मित्राला कळवायचंय. त्याला यायचंय इकडे.”

दौलतसिंहाचा झारा तेलातच थांबला.

“बडोद्याचे? सूर्याजीराव? काका, ते तर येऊन गेले. मागच्या थंडीत.”

“इथे?”

“याच बाकावर बसले होते. सोबत त्यांची पोती होती, म्हणजे तुमच्यात नात म्हणतात ती. ती सांगत होती, दादू, समोर निळं शटर आहे, बाजूला मोबाइलचं दुकान आहे. आणि ते आपले हूं, हूं करत होते. मी बेडईचा दोना, पानांचा द्रोण, पुढे केला तर हात भलतीकडेच गेला. तेव्हा समजलं मला, की बिलकुल दिसत नाही.”

लक्ष्मीकांतरावांनी बाकाचा काठ धरला.

“तुमचं नाव घेऊन विचारलं, येतो का म्हणून. मी म्हटलं, दर आठवड्याला येतात, चला, घर दाखवतो. तर माझा हात पकडला. म्हणाले, नको. वर्षभर जवाबाची वाट पाहिली, आला नाही. म्हणजे त्याच्या मनात आहे अजून. गलती माझीच होती.” दौलतसिंहाने मान खाली घातली. “तुम्हाला सांगू नको म्हणून शपथ घातली हो. आज तुम्हीच विषय काढलात म्हणून.”

बेडई समोर निवत राहिली. लक्ष्मीकांतरावांना ती बारीक अक्षरं आठवली. यादी करण्यात दोन वर्षं गेली होती. त्या ओळींचं उत्तर द्यायला एक शब्द पुरला असता. आणि त्यातलंच एक वर्ष सूर्याजीला दिसण्याचं होतं. ते त्यांनी खाडाखोडीत घालवलं होतं.

“खाऊन तर जा, काका,” दौलतसिंह म्हणाला.

पण ते उठले होते. वही बाकावरच राहिली. दौलतसिंहाने हाक मारली, तरी ते मागे वळले नाहीत.

पोस्टात त्यांनी एक आंतरदेशीय पत्र घेतलं. आधी कच्चं लिहावं असं हाताला वाटलं, पण त्यांनी थेट लिहायला सुरुवात केली. तिथल्या दोरीला बांधलेल्या पेनाने, उभ्याउभ्याच. एका ठिकाणी शाई तुटली, एका ठिकाणी ओळ वाकडी गेली. पत्र आता नातच वाचून दाखवणार, हे ध्यानात आलं आणि त्यांना क्षणभर संकोच वाटला. मग त्यांनी कडा थुंकीने चिकटवल्या आणि पुन्हा न वाचता पत्र पेटीत टाकलं.

त्यात ग्वाल्हेरची एकही जागा नव्हती. होतं ते एवढंच : ‘सूर्या, मी रागावलो नव्हतो, कधीच नाही. सोमवारच्या गाडीने बडोद्याला निघतोय. तू रोज कुठे कुठे जाऊन बसतोस, ते मला हात धरून दाखव.’