नानकटाईवरची खूण

२०१९ सालची गोष्ट. कामशेतच्या अफसानाने पुस्तकात बघून घरच्या ओव्हनमध्ये पहिल्यांदाच नानकटाई केली.

पूर्वी ईदला सगळ्या घरांचे ट्रे बेकरीच्या भट्टीत जायचे. अदलाबदल नको म्हणून जो तो कच्च्या नानकटाईवर आपली खूण दाबायचा. या घरची खूण म्हणजे नणंद लैलाचा अंगठा, मधोमध वण असलेला. लैला घर सोडून गेल्याला नऊ वर्षं झाली होती.

ट्रे बाहेर आला. प्रत्येक नानकटाईवर तोच अंगठा, तोच वण.

“तू दाबलंस का गं?” सासूने, नूरबीने विचारलं.

“नाही अम्मी, पुस्तकात तसलं काही नाहीच.”

“म्हणजे आहे पोरगी कुठंतरी.”

पुढल्या वर्षी नूरबी गेली. लैलाचा पत्ता लागला नाही. अफसाना दर ईदला नानकटाई करते. यंदा त्या अंगठ्याशेजारी आणखी एक ठसा होता, इवलासा.