बिनतेलाचा पंप

मेहुण्याच्या पंपाला तेलच लागत नाही. त्याचंच तर त्याला पेटंट मिळालंय. आमच्या इमारतीचं पिण्याचं पाणी आता तोच पंप चढवतो. पण मी फिटर माणूस, कोरडं बेअरिंग मला पटेना. आतला आवाज ऐकायला स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू पंपावर टेकवून मी त्याची मूठ कानाला लावली.

घरघर नव्हतीच. आत कुणीतरी तोंड उघडं ठेवून मचमच करत खात होतं.

"शी! बंद कर आधी!"

मेहुण्याने बटण दाबलं. पंप थांबला. आतला घास मात्र सावकाश गिळला गेला.

शिसारी येऊन मी कान पुसला. बोटांना कोमट, तार धरणारी लाळ लागली.

"हा घ्या, दाजी," म्हणत मेहुण्याने स्वतःचा रुमाल पुढे केला.

तो आधीच तसाच चिकट होता.