दहावं भाषण

काचेपलीकडे अध्यक्षांनी पुन्हा चष्मा पुसला. आता युवा प्रतिनिधीची तीन मिनिटं. साउंडवाल्याचा हात सवयीनं रेकॉर्डिंगच्या बटणाकडे गेला आणि तिथेच अडला. आज त्या खुर्चीत त्याची लेक होती.

सभा चंद्राच्या कारभाराची. तिथला बर्फ कुणी आणि किती उपसायचा, याचा साठ वर्षांचा करार आज मतदानाला येणार होता. मत देणाऱ्यांत सगळ्यात लहान सदस्य एकोणसत्तर वर्षांचा. वा रे वा! म्हणून दरवर्षी एका तरुणाला बोलवायचं, टाळ्या वाजवायच्या, फोटो काढायचा, की झालं. अध्यक्षांचा तोंडी हुकूमच होता, तेवढी तीन मिनिटं रेकॉर्डिंग बंद. जे रेकॉर्डवर नाही, त्याला उत्तर द्यावं लागत नाही. नऊ वर्षं त्यानं निमूटपणे बटण बंद केलं होतं. तेवढ्यात चहा उरकून व्हायचा.

गेला आठवडाभर लेक घरात भाषण घोकत होती. परवा मध्येच थांबून तिनं विचारलं, "बाबा, सगळं रेकॉर्ड होतं ना हो?"

"होतं की," तो बूट काढत म्हणाला. दिवसभर उभं राहून पाय भरून आले होते. खरं सांगायलाही अंगात त्राण लागतं, ते कुठून आणायचं?

आज मात्र हात धजेना. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. जाऊ दे खड्ड्यात, त्यानं मनाशी म्हटलं आणि बटण चालूच ठेवलं. पोरीचे शब्द तरी वाया जायला नकोत.

ती उभी राहिली. हातातले कागद तिनं पालथे घातले.

"माझ्या आधी नऊ जण इथे बोलले. ते काय म्हणाले ते वाचायला मी नोंदी मागवल्या, तर नऊ कोरी पानं आली. मतदान होऊ द्या, पण आधी एवढंच सांगा. आमचं बोलणं बंद कोण करतं?"

सभागृहात चुळबुळ झाली. अध्यक्षांनी काचेकडे बघून बोटानं खूण केली, बंद कर.

लेकीनं अजून मागे वळून पाहिलं नव्हतं. साउंडवाल्यानं सभागृहात ऐकू जाणारा टेस्टिंगचा माइक जवळ ओढला.

"मी बंद करतो," तो म्हणाला. "आणि कुणाच्या सांगण्यावरून, तेही आज रेकॉर्ड होऊ दे."