तांबड्या ताऱ्याचा मुहूर्त

"बाई, आणखी एक मंगलाष्टक म्हणू?" अंतरपाटाजवळून गुरुजींनी विचारलं.

"म्हणा, अजून वेळ आहे," आभाळावरची नजर न हलवता डॉ. मृणालिनी आजरेकर म्हणाल्या.

मुहूर्तावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पण भाचीनं हट्टच धरला होता, लग्न लागेल ते मावशीनं सांगितलेल्या क्षणी, उघड्या मैदानात.

मृग नक्षत्रातला तांबडा तारा नेमका कधी फुटणार, याच्या गणितात मावशीची उभी हयात गेली होती. "शास्त्रज्ञ की कुडमुड्या ज्योतिषी?" असं म्हणत परिषदांमध्ये लोक तोंडावर हसले होते. आज पहाटे ताऱ्याच्या गाभ्यातून निसटलेले न्यूट्रिनो कण पृथ्वीवर पोचले आणि हसणाऱ्यांची दातखीळ बसली. आता त्यांच्या मागून स्फोटाचा प्रकाश यायचा होता.

सूर्य बुडाला. वऱ्हाडानं माना वर केल्या. बाईंच्या मुठीतल्या अक्षता घामानं भिजल्या.

"आता!" त्या ओरडल्या.

तारा भडकला. अंधारलेल्या मैदानात माणसांच्या ठळक सावल्या पडल्या. "सावधान!" अक्षतांचा पाऊस पडला, ताशा कडाडला.

त्या गोंगाटात गुरुजी हात जोडून बाईंजवळ आले.

"माझ्या धाकटीचं राहिलंय. पुढचा तारा कधी फुटतोय?"