कालचं उत्तर

"अगं, छापलेल्या सातावर पाच कोण काढतं!"

मुलगी इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या घरातला रेडिओ बारीक झाला. आई खुर्चीत बसली होती.

पायात चपला, खांद्याला पिशवी, रिक्षा खाली उभी. डॉक्टरांची अकराची वेळ. त्यांनी बजावलं होतं, रोज पेपरातलं एक अंककोडं सोडवून घ्या. जमायला लागलं तर आईला दिवसभर एकटं ठेवायला हरकत नाही. नाही जमलं तर एक मिनिटही नाही. मुलीची दोन महिन्यांची रजा आज संपत होती. उद्या लॅबमध्ये रक्ततपासणीच्या टेबलाशी ती कामाला दिसली नाही, तर तिथं दुसरी बसणार होती.

पंधरा दिवसांची पंधरा पानं. सगळी कोडी भरलेली. प्रत्येक ओळीत एक ते नऊ, एकही आकडा दोनदा नाही. मुलगी रोज तपासायची. तपासायची म्हणजे काय, एक डोळा गॅसवरच्या दुधाकडे ठेवून बरोबरची खूण ठोकायची.

आज पिशवीत भरताना तिनं पानं पहिल्यांदा नीट पाहिली. छापील आकड्यांवर आईनं आपले आकडे गिरवले होते. पंधराही पानांवर. कोड्याच्या खाली बारीक अक्षरात आदल्या दिवसाचं उत्तर छापलेलं असतं. आई रोज तेच वर उतरवत होती. आजच्या चौकटीत कालचं उत्तर.

सहावीत वर्गाला गणित शिकवणाऱ्या ह्याच आईनं भर वर्गात तिचा गणिताचा पेपर फाडला होता. काय, तर म्हणे शेजारणीच्या पेपरात डोकावली. डोकावली नव्हती. घरी रडून सांगितलं, तरी आईनं ऐकून घेतलं नाही. उलट शाळाभर मिरवलं, पोटच्या पोरीलाही सोडलं नाही म्हणून. पोरी वर्षभर तिला 'कॉपीवाली' म्हणत होत्या.

"कॉपी! आणि तू?" मुलीनं पानं टेबलावर आपटली. "जन्मभर लोकांच्या पोरांचे कान पिळलेस ना? नक्कल करायलाही अक्कल लागते, गणिताच्या बाई! आता डॉक्टरांना काय दाखवू, माझं कपाळ? का केलंस हे? तोंड उघड!"

खालून रिक्षावाल्यानं हॉर्न दाबला. दाबूनच धरला.

आई टेबलाला धरून उठली. ताठ उभी राहिली. हात पाठीमागे बांधले. दाराबाहेर कुणी नाही ना, ते पाहून घेतलं आणि मुलीच्या कानाशी येऊन हळूच म्हणाली,

"बाई, मला काय ती शिक्षा करा. पण माझ्या मुलीला कळवू नका. तिला कामावर जायचंय हो."